परसातल्या शेडमध्ये इलेक्ट्रिक गिटार: कोकणच्या हवेत टिकेल अशी कशी करायची

माझ्या पहिल्या गिटारचा फिंगरबोर्ड, म्हणजे दांडीवरची बोटं टेकवायची लाकडी पट्टी, मी ऐन जुलैत चिकटवला. बाहेर पाऊस कोसळत होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, हात रिकामे होते. म्हटलं हीच वेळ. काम झालंही सुरेख. फ्रेट, म्हणजे त्यावरचे धातूचे आडवे पडदे, ठोकले, टोकं कानशीने घासून गुळगुळीत केली, गणपतीत वाजवलीसुद्धा. जानेवारीत एका सकाळी दांडीवरून हात फिरवला आणि तळहातावर ओरखडे उठले. बावीस फ्रेटची चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस टोकं बाहेर आली होती. फ्रेट जागचे हलले नव्हते. लाकूड सुकून आत गेलं होतं, दोन्ही बाजूंनी जेमतेम पाव-पाव मिलिमीटर. वाडीतल्या सुतारमेस्त्रींना दाखवायला नेली, तर त्यांनी गिटारकडे धड बघितलंही नाही. "पावसात हात कित्याक लावलंस? तुझ्या घरचा दार तरी बसता काय पावसात?"

आतापर्यंत दोन गिटार केल्या, तिसरी सुरू आहे. मी सुतार नाही, कुडाळकडे छोटं दुकान चालवतो. रंधा आणि पटाशी धरता येते एवढंच माझं भांडवल. तुमचंही तेवढंच असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये सगळं दाखवतात, पण त्यांचं लाकूड कोरड्या गोदामातलं असतं. आपलं लाकूड समुद्राची हवा पिऊन बसलेलं.

आधी पंचांग, मग हत्यारं

पावसाळ्यात आपल्याकडे हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांवर असतो. तशा हवेत मुरलेल्या लाकडात वजनाच्या १७-१८ टक्के पाणी राहतं. हिवाळ्यात तेच लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास येतं. हे पाच-सहा टक्के लांबीत फारसे दिसत नाहीत, रुंदीत दिसतात. दार चिकटतं ते याचमुळे, आणि माझे फ्रेट टोचले तेही.

म्हणून माझं वेळापत्रक असं: लाकूड डिसेंबर-जानेवारीत घ्यायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ढोबळ कापायचं, प्रत्येक बाजूने चार-पाच मिलिमीटर जास्त ठेवून. मग अख्खा पावसाळा ते घरातच पडू द्यायचं. ज्यांच्याकडे चुलीवरचा माळा अजून आहे त्यांना यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. या काळात लाकडाला वाकायचं, पिळायचं असेल तितकं ते वाकून घेतं. नोव्हेंबरात बाहेर काढून पुन्हा सरळ रंधायचं आणि चिकटवणं, फ्रेट, पॉलिश ही खरी कामं नोव्हेंबर ते मे या काळात उरकायची. ओलावा मोजायचं छोटं दोन सुयांचं मीटर मिळतं, ते घ्या. १२-१३ दाखवलं की कामाला लागा.

एवढा धीर नसेल तर दांडी तयार विकत घ्या आणि फक्त बॉडी करा. यात कमीपणा काही नाही. लिओ फेंडरने १९५० मध्ये जी गिटार बाजारात आणली, तिची दांडी चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेली होती. म्हणजे दांडी आणि बॉडी वेगवेगळी करायची, नंतर जोडायची. हौशी माणसाला याहून सोयीची रचना नाही: दांडी फसली तर बॉडी वाचते.

लाकूड

इथे लोक सगळ्यात जास्त वाद घालतात. माझ्या मते इलेक्ट्रिक गिटारमध्ये बॉडीच्या लाकडाला लोक देतात तेवढं महत्त्व नाही. आवाज पिकअपमधून येतो. तारेच्या थरथरण्याने चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज उठते. लाकूड मजबूत, वाळलेलं आणि फार जड नसलेलं हवं, बस. क्वीन या बँडचा ब्रायन मे, ज्याचा जोडीदार फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, त्याने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, त्यातली किडीची भोकं काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवलेली, बॉडीत ब्लॉकबोर्ड, दांडीवरच्या खुणा शिंपल्याच्या बटणांच्या. तीच गिटार तो पुढे आयुष्यभर वाजवत आला.

आपल्याकडे बॉडीसाठी माझी पहिली पसंती शिवण. हलकी, रंध्याला गोड, पावसाळ्यात कमी हलणारी. दुसरी पसंती फणस. दक्षिणेत वीणा फणसाचीच करतात. ताज्या कापाचा फणस हळदीसारखा पिवळा दिसतो, शेडमधला भुसासुद्धा पिवळा पडतो, आणि दोन-तीन वर्षांत तो रंग हळूहळू तपकिरी होत जातो. त्यासाठी कुठलाही रंग लावायची गरज पडत नाही. फक्त त्याची शीर उलटसुलट असते, रंधा एका दिशेने छान चालतो आणि वीतभर पुढे गेल्यावर ढलपी उपटतो. ऐन आणि किंजळ टाळा, खांद्याला त्रास होईल. आंबा चालतो, पण तो किडीला फार लवकर बळी पडतो. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी पारंपरिकरीत्या पांगाऱ्याची, पण पांगारा गिटारला फार मऊ. स्क्रू धरत नाही.

दांडीसाठी जुना साग. घर पाडताना निघालेला वासा किंवा चौकट मिळाली तर सोनं समजा. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलं लाकूड आता काय हलणार? मात्र आत मोडलेले खिळे असतात. कापण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा. मी फिरवला नव्हता आणि सॉ मिलवाल्याचं पातं गेलं. त्या दिवशी जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फिंगरबोर्डला शिसव. जगभरच्या गिटार कारखान्यांत ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात तो हाच, सह्याद्रीच्या जंगलातला.

परसात फणस किंवा साग उभा आहे म्हणून कुऱ्हाड घेऊ नका. या झाडांच्या तोडीवर १९६४ च्या कायद्याने बंधनं आहेत, परवानगी लागते. एका गिटारसाठी तो खटाटोप करू नये. परवानाधारक वखारीतून पावतीसह घ्या. बॉडीला दोन फळ्या लागतील, प्रत्येकी ५०० मिमी लांब, १८० रुंद, ५० जाड. दांडीला ७०० लांब, ८० रुंद, ३० जाड. शिसवीची पट्टी ५०० लांब, ६५ रुंद, ८ जाड. मेस्त्रींशी बोलताना हे इंच आणि सुतात सांगावं लागतं. एका इंचात आठ सूत. बॉडीची तयार जाडी ४५ मिमी, म्हणजे पावणेदोन इंच. वखारीत सूत चालतं. फ्रेटला मात्र सूत विसरायचं, तिथे मिलिमीटरचा दहावा भाग मोजायचा आहे.

लाकूड कापण्याआधी सगळं सामान हातात हवं

खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), पिकअप, पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग), जॅक (केबल खुपसायची जागा), ट्रस रॉड, फ्रेटची तार, नट (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी). सगळं आधी मागवा आणि समोर ठेवून मोजा. नेटवर दिलेल्या मापांवर विसंबून खाच कापली आणि पिकअप दोन मिलिमीटर मोठा निघाला, असं व्हायला नको. पहिल्या गिटारला ट्रेमोलोचा, म्हणजे दांडा हलवून सूर वाकवायचा ब्रिज घेऊ नका. साधा, घट्ट बसणारा ब्रिज घ्या, सहा तारांना सहा वेगळ्या घोड्या असलेला. पिकअपही एकच पुरे, ब्रिजजवळचा हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप.

हत्यारांत रंधा, दोन पटाश्या (६ आणि २० मिमी), गुण्या, कानशी, ड्रिल, जिगसॉ, सहा-आठ क्लॅम्प आणि हातात धरायचं छोटं राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र. फ्रेटच्या खाचांसाठी बारीक पात्याची वेगळी करवत लागते, तिची खाच ०.५८ मिमीची असते. घरच्या करवतीने ती पाडायला जाऊ नका, खाच दुप्पट रुंद होते आणि फ्रेट हातानेच निघून येतो.

कागदावर पूर्ण आकाराची गिटार

ब्राऊन पेपरवर मधोमध एक सरळ रेघ मारा. दांडी, नट, ब्रिज, पिकअप, सगळं या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असलं पाहिजे. पुढची निम्मी अडचण ही रेघ वाकडी गेल्याने येते. ती पुसली जाईल तिथे पुन्हा मारायची, शेवटपर्यंत.

नटपासून ब्रिजवरच्या घोडीपर्यंतचं अंतर, ज्याला स्केल म्हणतात, ते ६४८ मिमी धरू. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२४ वर. तयार दांडी घेतली असेल तर नट ते बारावा फ्रेट मोजून दुप्पट करा, तुमचं स्केल मिळेल. नटची रुंदी ४२-४३, दांडी जिथे बॉडीत बसते तिथे ५६. बॉडीतली खाच ५६ रुंद, ७६ लांब, १६ खोल. दांडीचं बूड फिंगरबोर्डसकट २५ जाड, म्हणजे ९ मिमी वर राहील आणि तारा ब्रिजपर्यंत नीट उंचीवर जातील. बॉडीचा बाहेरचा आकार तुमच्या आवडीचा. फक्त गिटार मांडीवर टेकते तिथे आतलं वळण हवं आणि वरच्या फ्रेटपर्यंत हात पोहोचायला खालच्या बाजूने जागा.

हे चित्र १२ मिमीच्या प्लायवर चिकटवून कापा आणि कडा पॉलिश पेपरने अगदी गुळगुळीत करा. प्लायच्या कडेवर जो खड्डा असेल तो राऊटर जसाच्या तसा बॉडीत उतरवतो.

बॉडी

दोन फळ्यांच्या आतल्या कडा रंधून एकमेकींना लावा आणि उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसायला नको. दिसला तर पुन्हा रंधा. क्लॅम्पने आवळून फट बंद करू, असं मनात येतं. ती फट पहिल्याच मे महिन्यात परत उघडते. फेव्हिकॉल मरीन लावून क्लॅम्प करा, सांध्यातून बारीक मण्यांसारखा डिंक सगळीकडे सारखा बाहेर आला की समजायचं बरोबर बसलं. एक पूर्ण दिवस हात लावू नका.

नंतर जिगसॉने आकाराच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेरून कापा आणि प्लायचा नमुना दुतोंडी टेपने चिकटवून राऊटर फिरवा. एका फेरीत पाच मिलिमीटरपेक्षा खोल नाही. जास्त घेतलंत तर वळणावर, जिथे लाकडाची शीर आडवी लागते, तिथे अख्खा तुकडा उडतो. खाचांमधलं बरंचसं लाकूड आधी मोठ्या ड्रिल बिटने काढून घ्या. राऊटरला फक्त कडा साफ करायचं काम ठेवा. पिकअपची खाच २० मिमी खोल, पॉट आणि वायरच्या पेटीखाली किमान ५-६ मिमी लाकूड शिल्लक. या खाचांमधून जॅककडे जाणारी आणि ब्रिजखाली जाणारी वायरची भोकं आत्ताच पाडा. पॉलिश झाल्यावर ती आठवली तर डोळ्यांत पाणी येतं.

दांडीची खाच सगळ्यात शेवटी, हळू. दांडी हाताने दाबून बसली पाहिजे आणि बॉडी उलटी केली तरी तशीच राहिली पाहिजे. सैल झाली तर कागदाचा तुकडा घालू नका, शिवणीचीच पातळ चिप चिकटवून पुन्हा कापा.

दांडी: इथे वेळ द्या

तंबोऱ्याच्या आणि सतारीच्या भाषेत ही दांडी, आणि मिरजेचे कारागीर ती तुणीच्या लाकडाची करतात. सतारीचे पडदे तातीने बांधलेले, सरकवता येतात. सूर हलला तर पडदा हलवायचा. गिटारचे पडदे ठोकलेले, एकदा चुकले की गिटार जन्मभर बेसूर. त्यामुळे या भागाला मी पहिल्या गिटारच्या वेळी दोन आठवडे दिले, दुसरीच्या वेळी महिना.

सागाची फळी चारी बाजूंनी चौकोनी रंधा. अजून निमुळती करू नका. बाजू समांतर असतानाच सगळी मापं गुण्याने घेता येतात. मधल्या रेघेवर ट्रस रॉडची खाच पाडा. रॉड म्हणजे दांडीच्या पोटातली लोखंडी सळी, जी फिरवून दांडीचा वाक कमी-जास्त करता येतो. आपल्याकडे दोन्ही बाजूंना काम करणारा रॉडच घ्या, पावसाळा आणि उन्हाळा दांडीला वेगवेगळ्या दिशेने ओढतात. १० ते ४६ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) सहा तारा सुरात लावल्या की दांडीवर जवळपास ४५ किलोचा ताण येतो, सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडा कमी. हा ताण दिवसरात्र असतो.

आता शिसवीच्या पट्टीवर फ्रेटच्या खुणा. हिशोब सोपा आहे. स्केलला १७.८१७ ने भागा, पहिल्या फ्रेटचं नटपासूनचं अंतर मिळतं. राहिलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, पुढचं. पण मोजताना मागच्या फ्रेटपासून मोजू नका. मी तसंच केलं होतं. प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर चूक, आणि बाराव्या फ्रेटपर्यंत तीन मिलिमीटर. ती शिसवीची पट्टी आता आमच्या देवघरात उदबत्तीचं घर आहे. सगळी अंतरं नटपासूनच घ्यायची. ६४८ स्केलसाठी मिलिमीटरमध्ये, पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत:

३६.४, ७०.७, १०३.१, १३३.७, १६२.५, १८९.८, २१५.५, २३९.८, २६२.७, २८४.३, ३०४.७, ३२४.०, ३४२.२, ३५९.४, ३७५.६, ३९०.८, ४०५.३, ४१८.९, ४३१.८, ४४३.९, ४५५.४, ४६६.२.

सायबर कॅफेत छापून घेत असाल तर कागदावर बारावा फ्रेट पट्टीने मोजून बघा. ३२४ नसेल तर प्रिंटरने चित्र लहान केलं आहे.

खाच तीन मिलिमीटर खोल, करवत गुण्याला टेकवून. आधी टाकाऊ लाकडावर दहा खाचा मारून हात बसवा. खाचा झाल्यावर शिसव निमुळती करा आणि सागावर चिकटवा. साग तेलकट असतो, चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसा, नाहीतर सांधा धरत नाही. चिकटवताना पट्टी सरकते; नटच्या आणि शेवटच्या फ्रेटच्या खाचेत दोन बारीक खिळे ठोकून जागेवर धरा, डिंक सुकल्यावर काढा.

आता दांडीची पाठ. पहिल्या फ्रेटजवळ एकूण जाडी २१, बाराव्याजवळ २३ मिमी. मी आधी त्या दोन जागी अर्धगोल कोरून घेतो, मग मधला भाग कानशीने जोडतो. या कामात मापापेक्षा तळहात जास्त खरं सांगतो. डोळे मिटून हात वर-खाली फिरवा, जिथे अडखळेल तिथे घासा. मेस्त्री एका संध्याकाळी आले, दांडी हातात घेतली, अंगठ्याने एक जागा दाबली आणि "हयसर" एवढंच म्हणून गेले. पट्टी लावून बघितलं तर तिथे खरंच अर्धा मिलिमीटर फुगवटा होता.

फिंगरबोर्डला आडवा हलका बाक द्यायचा, त्यासाठी १२ इंच त्रिज्येचा घासायचा ठोकळा मिळतो. त्यावर पॉलिश पेपर लावून मधल्या रेघेच्या दिशेने घासा, कधीही तिरपं नाही. सागाचा आणि शिसवीचा भुसा नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावाच. शिसवीने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते.

फ्रेटची तार थोडी जास्त वाकवून, आधी दोन्ही टोकं आणि मग मध्य असं हलक्या हातोडीने ठोका. सगळे बसले की माथ्यांवर मार्करने काळं फासा, सपाट पट्टीला ४०० नंबरचा पेपर लावून एकदा घासा. जिथे काळं उरलं तो फ्रेट खाली आहे. सगळे माथे चमकेपर्यंत घासा आणि मग माथे पुन्हा गोल करा. टोकं शेवटी घासा आणि जानेवारी-फेब्रुवारीतच घासा, लाकूड सगळ्यात आखडलेलं असताना. मग ती पुढच्या हिवाळ्यात बाहेर यायचा प्रश्नच राहत नाही.

जोडणी

दांडी खाचेत ठेवा, क्लॅम्प करा. शिवणकामाचे दोन दोरे घ्या, नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून ब्रिजच्या दोन्ही टोकांच्या घोड्यांपर्यंत ताणा. शेवटच्या फ्रेटवर दोन्ही बाजूंना दोऱ्यापासून कडेपर्यंतचं अंतर सारखं दिसेपर्यंत ब्रिज हलवा. मगच भोकांच्या खुणा करा. पातळ तारेची घोडी पुढे सरकवून ६४८ वर येईल असा ब्रिज बसवा, म्हणजे पुढे सूर जुळवताना सगळ्या घोड्यांना मागे जायला जागा राहते. जाड तारेला ती तीन-चार मिलिमीटर लागतेच.

दांडीच्या स्क्रूंना बॉडीत सैल भोक, सागात ३ मिमीचं. स्क्रूला साबण लावा. ४५ मिमीचा स्क्रू १६ मिमी सागात जातो, फिंगरबोर्डपर्यंत पोहोचत नाही. तरी ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. किनाऱ्यावर साधे स्क्रू वर्षभरात गंजून तिथेच मुरतात.

पॉलिश

पुन्हा काढून सगळं सुटं करा. १२०, १८०, २४०, ३२० असा पेपर. लाखेचं पॉलिश मला आवडतं, फडक्याने लावता येतं आणि बिघडलं तर स्पिरिटने निघतं. दमट दिवशी लावलं तर पांढरट पडतं, म्हणून कोरडी दुपार बघा. घामाचा हात असेल तर बॉडीला पीयू (पॉलियुरेथेन) बरा. कुणी वाशांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल सुचवेल. वाशांना ठीक, गिटार छातीला आणि हाताला लागते आणि ते तेल कातडी भाजतं. दांडीच्या मागे जाड थर नको, हात चिकटतो. शिसवीला फक्त तेलाचा एक हात.

वायरिंग

हंबकरला ५०० किलो-ओहमचे पॉट आणि ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. एकेरी कॉइलचा पिकअप असेल तर २५० आणि ०.०४७. खाचांच्या आतून तांब्याची टेप चिकटवा, सगळे तुकडे एकमेकांना लागलेले. घरातल्या पन्नास हर्ट्झच्या विजेची गुणगुण त्यामुळे बरीच कमी होते. पिकअपची गरम, म्हणजे सिग्नलची वायर व्हॉल्यूम पॉटच्या एका कडेच्या पायाला, मधला पाय जॅकच्या टोकाला, उरलेला पाय पॉटच्या पाठीला म्हणजे अर्थला. कपॅसिटर व्हॉल्यूमच्या पिकअपवाल्या पायापासून टोन पॉटच्या मधल्या पायाला, टोनचा कडेचा एक पाय अर्थला. बटण उलटं चालत असेल तर कडेच्या दोन वायरी अदलाबदल करा. ब्रिजखालून एक वायर अर्थला आणायला विसरू नका.

मल्टिमीटरने केबलच्या दोन टोकांत मोजा. व्हॉल्यूम पूर्ण असताना सात-आठ किलो-ओहम आलं तर ठीक. तारेला आणि जॅकच्या बाहेरच्या भागाला लावलं तर शून्य यायला हवं. मग अँप (अँप्लिफायर) लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवा, टक्क आवाज आला की जिंकलात.

इथे एक गोष्ट गंभीरपणे. तारा अर्थला जोडलेल्या असल्याने तुमचा हात अँपच्या अर्थला जोडलेला असतो. घराचं अर्थिंग नीट नसेल तर हे धोक्याचं आहे. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. एकदा वायरमनकडून तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत घालायची युक्ती करू नका, आणि वळवाच्या विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

सूर जुळवणं

तारा लावा, सुरात आणा, एक रात्र तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघा. साध्या कागदाचे दोन तुकडे, म्हणजे ०.२ मिमी, आत जातील एवढी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड आवळा, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि पुन्हा मोजायच्या आधी थोडं थांबा. मग नट: तिसऱ्या फ्रेटवर दाबलं की पहिल्या फ्रेटवर तार केसाएवढी वर हवी. नटची खाच हळूहळू खोल करा, खोल गेली तर परत येत नाही. मग घोड्यांनी उंची, बाराव्या फ्रेटवर जाड तार २ मिमी, पातळ १.६. तार झणझणली तर थोडी उचला. तंबोऱ्यात याच झणझणीला जवारी म्हणतात आणि ती मुद्दाम काढून घेतात. गिटारवाला तीच घालवायला दिवस घालतो.

शेवटी बाराव्या फ्रेटवर हलकं बोट टेकवून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा येत असेल तर घोडी मागे, उतरता येत असेल तर पुढे. सहाही तारा होईपर्यंत.

बटणं नसतील तर करवंटीची करा. ड्रिलला लावून पॉलिश पेपरने गोल घासली की काळीभोर चमकतात, माझ्या दोन्ही गिटारवर तीच आहेत. वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसा. आपल्या हवेत न पुसलेल्या तारेवर पंधरा दिवसांत तांबूस ठिपके येतात. जूनमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरात दांडीचा वाक मोजून ट्रस रॉडला पाव फेरा द्यावा लागेल, कधी या बाजूला, कधी त्या. तेवढी चावी केसच्या खिशात ठेवा, माझी गेल्या वर्षी शेडमध्ये भुशाबरोबर झाडून गेली आणि पाऊस संपेपर्यंत मिळाली नाही.